सुटली म्हणा

सांजोळच्या शाळेला अध्यक्ष हवा होता. शाळेला छप्पर नव्हतं, फळा नव्हता, पोरं धड वीस नव्हती, पण अध्यक्ष हवा होता. तहसीलच्या दरखास्तीत अध्यक्षाच्या नावासाठी एक ओळ होती, आणि ती ओळ कोरी असलेली दरखास्त तिथं कुणी उघडूनही बघत नाही, हे मला उस्मानाबादला दोन हेलपाटे घातल्यावर कळलं. फसली तेराशे त्रेपन्न साल, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीस. निजामाच्या राज्यात खासगी मराठी शाळा काढायला इजाजत लागायची, आणि अध्यक्ष निवडायला चार माणसं एकत्र बसवायची तर त्यालाही इजाजत लागायची. ती आम्हाला मिळाली होती. एक दिवस, सूर्यास्तापर्यंत, पोलिसांच्या अमीनसाहेबांसमोर.

मी त्या शाळेचा एकुलता एक मास्तर. गाव माझं बार्शी, इंग्रजी मुलखातलं. वय चोवीस, व्हर्नाक्युलर फायनल पास, आणि आपल्याला फार कळतं अशी खात्री. ती खात्री सांजोळनं पुढं बरीच कमी केली, पण त्या माघात ती शाबूत होती.

सांजोळच्या मधून ओढा जातो. अलीकडं पेठ. तिथं लिंगायत वाणी, दुकानं, तेलाचे घाणे. पलीकडं गावठाण. तिथं पाटील आणि शेतकरी. शाळा आपल्या अंगाला व्हावी असं दोघांनाही वाटायचं, कारण पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडची पोरं चार-चार दिवस घरी बसणार. जो अध्यक्ष होईल तो आपल्या अंगाला जागा धरणार हे उघड होतं. पेठेतून वीरप्पा अण्णा उभे राहिले. साठी उलटलेले, कपाळाला विभूती, बोलताना मधेच कानडीत शिरणारे. गावठाणातून बब्रुवान पाटील. चाळिशीचे, अंगानं दांडगे, मनानं वाईट नाहीत, पण हरायची सवय घराण्यातच नव्हती.

सभासद कोण, तर ज्या घरानं मास्तराच्या पोटासाठी सुगीत पायलीभर ज्वारी घातली ते घर. पेठेनं एक घर वाढवलं की गावठाण एक वाढवायचं, गावठाणानं वाढवलं की पेठ. मी नोंदणी बंद केली तेव्हा दोन्हीकडं एकेचाळीस घरं झाली होती आणि माझ्या खोलीत उंदीर मावत नव्हते. एकेचाळीस न् एकेचाळीस. त्यातलं एकही मत इकडचं तिकडं होणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

उरली माळावरची वस्ती. सहा खोपटी, गावापासून अर्ध्या मैलावर. ही माणसं ना पेठेची, ना गावठाणाची. त्यांना एरवी कुणी राम राम घालायचं नाही, लग्नाच्या पंगतीत शेवटी बसवायचं. पण त्यांनीही पायली-पायली ज्वारी घातली होती, म्हणून ती सभासद होती. आणि आता सांजोळचा अध्यक्ष त्या सहा चुली ठरवणार होत्या. महिनाभर माळावर इतकी माणसं चढली-उतरली की वस्तीची कुत्री भुंकायची थांबली.

'चूल तिथं मत' हा नियम मी केला होता. त्यामुळं कडूबाईला मत मिळालं. कडूबाई विधवा. मुलगा नाही, लेक सखू एकटीच. बाईमाणसाला मत कशाला, म्हणून दोन्ही अंगांनी कुरकुर केली. मी कुणाचं ऐकलं नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटायचा.

मतदानाच्या आदल्या दिवशी कडूबाई माझ्या खोलीवर आली. उंबऱ्याबाहेरच बसली.

"मास्तर, मत न्हाय टाकलं तर चालतंय का?"

"न चालायला काय झालं? पण टाका की. हक्क आहे तुमचा."

तिनं हळूहळू सगळं सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी पाटील स्वतः वस्तीवर आले होते. बरोबर खंडोबाचा भंडारा आणला होता. सहाही घरांना त्यांनी भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, की मत पाटलांनाच टाकू. संध्याकाळी वीरप्पा अण्णा आले. त्यांनी रामलिंगाच्या बेलाचं पान पुढं केलं. तेही सहाही घरांनी उचललं.

"दोन्ही?" मी कपाळावर हात मारला.

"मग काय करावं? दारात आलेल्या माणसाला न्हाय कसं म्हणावं? पाटलांनी मालक गेले तवा गाडी दिली हुती. अण्णांनी सखूच्या लग्नात तेल दिलं. तवा वाटलं, दोघांचंबी मन राहील."

"राहू दे की मग. मत गुपित असतं. मी एक गाडगं ठेवणार आहे मठाच्या आतल्या खोलीत. प्रत्येकाला दोन दाणे देणार, ज्वारीचा पाटलांचा, करडईचा अण्णांचा. एक गाडग्यात टाकायचा, उरलेला बाहेरच्या पाटीत टाकायचा. पाटीवर फडकं असेल. कुणाला कळणार नाही."

"गाडग्याला कळणार न्हाय," ती म्हणाली. "हाताला कळंल की."

मग खरं कारण बाहेर पडलं. सखू दिवस भरून माहेरी आली होती. गेल्या साली तिचं पहिलं लेकरू हाती लागलं नव्हतं. एक शपथ मोडली तरी ती पोरीच्या पोटावर पडणार, आणि इथं तर दोन उचललेल्या. एक पाळायची म्हणजे दुसरी मोडायची. मत टाकलंच नाही तर दोन्ही मोडल्या.

मी तिला भाषण दिलं. शपथेनं काही होत नाही, बाळंतपण ही शरीराची गोष्ट आहे, शिकल्यासवरल्या जगात असं कुणी मानत नाही. चांगलं पाव तासाचं भाषण. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, "व्हय जी" म्हणाली आणि उठून गेली. आज ते भाषण आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून मठाच्या अंगणात माणसं जमली. अमीनसाहेब बाजेवर बसले होते. तेही बिचारे कंटाळले होते. दुपारपर्यंत पेठ आणि गावठाण, दोन्हीकडची एकेचाळीस-एकेचाळीस माणसं आत जाऊन आली. मग सगळ्यांच्या माना माळाच्या वाटेकडं वळल्या.

वस्तीनं आपापल्या परीनं वाट काढली होती. धोंडीबा पहाटेच बैल घेऊन येडशीला गेला, ठेसनावर माल उतरवायचाय म्हणून. गोरोबाला तेरखेड्याला सासुरवाडीत अचानक फार महत्त्वाचं काम निघालं. तिसऱ्यानं निरोप धाडला, की माकणीच्या चुलत्याचं सुतक लागलंय. तो चुलता पुढं अकरा वर्षं जगला. मग दोघे भाऊ आले, सोपान आणि किसन, दोन वेगळ्या चुलींचे. त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. एकानं ज्वारी टाकायची, दुसऱ्यानं करडई. दोघांनी एक-एक पाळली, एक-एक मोडली, पाप निम्मं-निम्मं. बाहेर येऊन त्यांनी हे सगळ्यांना मोकळेपणी सांगून टाकलं. माझं गुपित मतदान तिथंच संपलं. बेचाळीस न् बेचाळीस.

आता एकटी कडूबाई राहिली.

ऊन उतरायला लागलं तरी तिचा पत्ता नाही. पेठेतला एकजण म्हणाला बोलवायला जाऊ, तर गावठाणातले चौघे उठले, की आमीबी येतो. शेवटी कुणीच गेलं नाही. दिवस हातभर वर असताना ती आली. पळत आली होती. डोईवरचा पदर खांद्यावर, पायात काही नाही. मी दोन दाणे तळहातावर घेऊन पुढं झालो. तिनं ते घेतले नाहीत. वीरप्पा अण्णा आणि बब्रुवान पाटील पायरीच्या दोन टोकांना बसले होते, त्यांच्या मधोमध जाऊन ती उभी राहिली.

"सखू पहाटपासून अडलीय," ती म्हणाली. "सिताबाई सुईण हाय तिच्यापाशी. म्या घरातलं समदं सोडून बगितलं. पेटीचं कुलूप काढलं. कणगीचं तोंड उघडलं. गायीचं दावं सोडलं, बाजंची दोरी ढिली केली, पोरीच्या केसाचा पेड सोडला, माझ्या लुगड्याची गाठसुदिक ठिवली न्हाय. तरी पोर अडूनच हाय. एवढी एकच गाठ राहिली. ती माझ्या हातात न्हाय. तुमच्या हातात हाय."

बाळंतीण अडली की घरातली सगळी कुलपं, सगळ्या गाठी सोडायच्या, ही रीत त्या अंगणातल्या प्रत्येकाच्या घरची होती. कुणाला हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"दोघांपैकी एकानं तरी सुटली म्हणा," ती म्हणाली. "शपथ ज्यानं घातली त्यालाच सोडवता येती. एकाची सुटली की दुसऱ्याची म्या पाळीन. मग कुणाचीच मोडणार न्हाय."

शपथ घातलेल्या माणसानं तीनदा 'सुटली' म्हटलं की ती सुटते, हे तर पोरंसुद्धा खेळताना करतात. पण हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं की आता त्याचा अर्थ काय होतो. जो सुटली म्हणेल, त्याचं बंधन गेलं. मग तिला बांधून ठेवणारा राहिला फक्त दुसरा. मत दुसऱ्याला. म्हणजे जो तिला मोकळी करील तो एका मतानं हरणार.

पेठेतली माणसं अण्णांच्या मागं सरकली, गावठाणातली पाटलांच्या मागं. अण्णांचा थोरला मुलगा शरणबसप्पा बापाच्या शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिला. पाटलांच्या पुतण्यानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

तेवढ्यात मला एक युक्ती सुचली. मला युक्त्या फार सुचायच्या. "दोघांनी एकदम म्हणा," मी म्हणालो. "म्हणजे दोन्ही शपथा एकाच वेळी सुटतील. बाई मोकळी होईल, तिला वाटेल त्याला मत देईल. कुणाचं नुकसान नाही. मी तीन म्हटलं की दोघांनी म्हणायचं."

दोघांनीही माना हलवल्या. मी म्हणालो, एक. मी म्हणालो, दोन. मी म्हणालो, तीन.

दोघेही गप्प.

दुसरा म्हणतो का हे बघायला दोघेही थांबले होते. आपण म्हटलं आणि तो गप्प राहिला तर! मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. कडूबाई हसली नाही, रागावलीही नाही. शाळेच्या माणसांची अशीच काही रीत असेल असं तिला वाटलं असावं. आता म्हणतील, म्हणून ती या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिचं ते थांबणं मला बघवेना. दोन शहाणी माणसं आणि एक मास्तर, तिघांनी मिळून एका बाईला अंगणात उभं करून ठेवलं होतं, आणि तिची पोरगी अर्ध्या मैलावर ओरडत होती.

"पोरगी थकलीय, अण्णा," ती हळूच म्हणाली. "आता तिचं वरडणंबी कमी झालंय."

वीरप्पा अण्णांनी गुडघ्यावरचा मुलाचा हात उचलून बाजूला ठेवला. गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"बेल माझा होता," ते म्हणाले. "सुटली. सुटली. सुटली. जा तंगी, लेकीपाशी जा."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. माळावरच्या बाईला पेठेतल्या कुणी तसं म्हटलेलं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

कडूबाईनं त्यांच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला. पण ती लगेच मत टाकायला गेली नाही. पाटलांकडं वळून उभी राहिली. तिनं काही मागितलं नाही. एकच सुटली तरी पुरे, असं तीच म्हणाली होती. तरी ती वळली आणि थांबली. अण्णांनी म्हटल्यावर आता पाटलांनीही म्हणावं, मग सगळंच मोकळं होईल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पाटलांचे ओठ हललेले मी पाहिले. मागून पुतण्याचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"मास्तर, वख्त होरा," अमीनसाहेब खाली बघत म्हणाले. वेळ संपत आली होती.

कडूबाईनं माझ्या तळहातावरचे दोन्ही दाणे उचलले आणि ती मठात गेली. दोन श्वासांत बाहेर आली. उरलेला दाणा फडक्याखाली टाकायचा होता. तिनं फडकं बाजूला केलं, सगळ्यांना दिसेल असा करडईचा दाणा पाटीत टाकला आणि आली तशी पळत गेली.

मी गाडगं आणलं, अमीनसाहेबांसमोर उपडं केलं आणि मोजलं. ज्वारी त्रेचाळीस, करडई बेचाळीस. बब्रुवान पाटील अध्यक्ष झाले. गावठाणातल्या पोरांनी गुलाल आणून ठेवला होता, पण पाटील पायरीवरून उठेनात, तेव्हा गुलाल कुणावर टाकायचा ते त्यांना कळेना. वीरप्पा अण्णा काठी टेकत पाटलांपाशी आले. "शाळा हू द्या म्हंजे झालं," एवढंच म्हणाले आणि पेठेकडं गेले. शरणबसप्पा बापाच्या चार पावलं मागून चालत होता.

अंगण रिकामं झाल्यावर पाटील मला म्हणाले, "मास्तर, चला माझ्यासंगं."

आम्ही माळाची वाट धरली. निम्म्या वाटेवर ते म्हणाले, "म्या म्हणणार हुतो. तुमी बगितलं न्हवं? जीभ उचलली हुती म्या."

"बघितलं," मी म्हणालो.

"मग अमीन बोलला मधी."

"हो."

"न्हायतर म्या म्हणालोच असतो."

मलाही बरंच म्हणता आलं असतं त्या वेळी. मीच अमीनसाहेबांना म्हणू शकलो असतो, की जरा थांबा. मी सभेचा चालक होतो आणि नियम माझे होते.

वस्तीवर पोचलो तेव्हा सिताबाई सुईण खोपटाबाहेर चुलीवरचं पाणी उतरवत होती. आम्हाला बघून म्हणाली, "मोकळी झाली. मुलगी हाय. दोघीबी बऱ्या हायेत." आतून लेकराचा आवाज येत होता, बारीक पण नेटाचा. मी तिथल्या दगडावर बसलो. शिकल्यासवरल्या जगातलं माझं भाषण त्या क्षणी मला एक अक्षरही आठवत नव्हतं, एवढा मला आनंद झाला होता.

कडूबाई हात पुसत बाहेर आली. पाटलांना बघून तिनं पदर सारखा केला.

पाटलांनी पटका काढून हातात घेतला. "कडूबाई," ते म्हणाले, "भंडारा माझा हुता. सुटली. सुटली. सुटली."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. तिला खरंच समजलं नव्हतं.

"आता कशापायी, पाटील?" ती म्हणाली. "तुमची तर म्या पाळली."

ती आत गेली आणि गुळाचे खडे घेऊन आली. लेकरू जन्मलेल्या घरातून कुणी तोंड गोड न करता जायचं नसतं. एक खडा तिनं माझ्या हातावर ठेवला, एक पाटलांच्या. मग तिसरा, जरा मोठा, त्यांच्याच हातावर ठेवला.

"ह्यो अण्णांस्नी द्या," ती म्हणाली. "मला आता घर सोडता यायचं न्हाय. त्यांच्या बोलानं माजी पोर मोकळी झाली, एवढं त्यांस्नी सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, पाटील. तुमी आता शाळेचे अध्यक्ष, तुमचं ते ऐकतील."

पाटलांनी स्वतःचा खडा तोंडात टाकला नाही. आम्ही ओढ्यापर्यंत परत आलो तेव्हा अंधार पडला होता. गावठाणाच्या तोंडाशी पुतण्या आणि पोरं वाजंत्री घेऊन उभी होती. पाटील तिकडं वळले नाहीत. दोन्ही खडे मुठीत धरून ते ओढ्यात उतरले, पेठेच्या अंगाला चढले आणि वीरप्पा अण्णांच्या दारापुढं जाऊन बराच वेळ कडी न वाजवता उभे राहिले.